आठ जणी आणि एकही चूक नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी विमलमावशीचं नाव सांगतो. आईबाबांचं सांगत नाही. ते माझेच आहेत, त्यांनी केलं ते केलंच असतं. मावशी, तू माझी कोणी नव्हतीस. आमच्या घरापासून चार घरं सोडून तुझं घर, एवढंच काय ते नातं.

परवा बुद्धविहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. गावच्या आरोग्याचं काम करणारी आशाताई म्हणून तू किती हिंडलीस, कोणाकोणाला वेळेवर मोताळ्याच्या दवाखान्यात नेलंस, ते लोकांनी सांगितलं. मग माईक माझ्या हातात आला. गावातला पहिला इंजिनियर बोलणार म्हणून पुढच्या बायका पदर सावरून बसल्या. मी दोन वाक्यं बोललो, दोन्ही पुण्याच्या मराठीत, आणि खाली बसलो. त्या भाषेत तुझ्याबद्दल बोलता येत नाही हे मला उभ्या उभ्याच कळलं. पण लिहायला शाळेत हीच शिकवली, म्हणून हे लिहिणं असंच होणार.

बारावी झाल्यावर बाबा म्हणाले होते, आता याला कामाला लागू दे. तू संध्याकाळी येऊन ओट्यावर बसलीस. बाबांशी वाद घातला नाहीस. माझी गुणपत्रिका मागून घेतलीस, वरपासून खालपर्यंत वाचलीस आणि बाबांना एवढंच विचारलंस की शिकवायचं मनातच नाही, की भीती वाटते. बाबा म्हणाले, भीती वाटते. तू म्हणालीस, मग ठीक आहे, भीतीचं पाहू आपण.

त्यानंतर आपण दोघं तीनदा एसटीनं बुलढाण्याला गेलो. प्रवेशाच्या खिडकीतला माणूस दर वेळी अर्ज परत सरकवायचा आणि चुकला आहे म्हणायचा. तिसऱ्यांदा तू खिडकीच्या आत वाकलीस आणि आवाज न चढवता म्हणालीस, “साहेब, कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवा. आमी दोघं बी वाचतो.” त्याला बोट ठेवावंच लागलं. एक छोटा चौकोन होता. तो कार्यालयानं भरायचा असं वाटून मी कोरा सोडला होता. परत येताना मी खाली मान घालून बसलो होतो, तर तू म्हणालीस, “तू नाही चुकला बे. तो चौकोनच तसा होता.”

माझ्या आजच्या कामाचं सगळं सार त्या वाक्यात आहे. बाकीचं मी नंतर पुस्तकांतून शिकलो.

पुण्यात मी काय करतो, हे गावात कोणाला नीट सांगता आलं नाही. आईला अजूनही वाटतं की मी फोन दुरुस्त करतो. तुला एकदाच सांगितलं. म्हटलं, लोक फोनवर एखादं काम करायला बसतात आणि मध्येच अडतात. ते कुठे अडतात, का अडतात, हे शेजारी बसून पाहायचं. लिहून घ्यायचं. पुष्कळ जणांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की काहीतरी दिसायला लागतं. त्यावरून पडद्यावरची मांडणी बदलायची आणि पुन्हा लोकांपुढे ठेवून पाहायची. याला युजर रिसर्च म्हणतात. तू म्हणालीस, “म्हंजे मी करतो तेच. फक्त तुले खुर्ची हाय.”

पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये माझ्या तोंडून एकदा ‘का’च्या जागी ‘काऊन’ निघालं. कोणी वाईट बोललं नाही. दोघं हसले, तेही प्रेमानंच. पण त्यानंतर मी मीटिंगमध्ये बोलणं जवळजवळ सोडून दिलं. ऐकायचो, लिहून घ्यायचो, मान हलवायचो. खोलीवर आलो की तुला फोन लावायचो. आई जेवणाचं विचारते, तू कामाचं विचारायचीस. आज कोण कुठं अडलं, हा तुझा ठरलेला प्रश्न. आणि माझ्या आवाजावरून ठरलेला टोमणा, की हॅलो इतक्या हळू म्हणत जाऊ नको, समोरच्याला वाटतं दवाखान्यातून बोलतो आहेस. दिवसभरात मी मोठ्यानं हसायचो ते तेवढंच.

मग आमच्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं. गरोदर बायकांची नोंद ठेवण्यासाठी आशाताईंना अ‍ॅप करून द्यायचं होतं. त्यात धोक्याच्या खुणांचा एक पडदा होता. डोकं दुखतं का, अंगावर सूज आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. उत्तर हो किंवा नाही. हो असेल तर दवाखान्याला आपोआप कळणार. गावात जाऊन हे कोण तपासेल असं विचारलं गेलं आणि मी वर्षभरात पहिल्यांदा हात वर केला. आमच्या टीमच्या प्रमुख केतकी मॅडम म्हणाल्या, मग हे काम तुझंच.

त्या संध्याकाळी फोनवर मी तुला जे बोललो ते आता परत घेता येत नाही. मी म्हणालो, “मावशी, हे नीट झालं त माही नोकरी पक्की होते.”

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस मी तुझ्यामागे घरोघरी हिंडलो. तेव्हा मला कळलं की मी पुस्तकात वाचलेलं तू किती आधीपासून करत होतीस. तू कोणाला नीट जेवतेस का असं विचारत नव्हतीस. सरळ चुलीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलायचीस. सूज आहे का असंही विचारत नव्हतीस. गप्पा मारता मारता त्या बाईचा हात हातात घ्यायचीस आणि तिच्या बांगड्या गोल फिरवून पाहायचीस. फिरल्या तर बरं. अडकल्या की तुझ्या कपाळावर आठी यायची आणि तू दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलत राहायचीस. बाहेर आल्यावर मी कारण विचारलं. तू म्हणालीस, बाया सासूसमोर नाहीच म्हणतात, काहीही विचारा. त्यांना विचारून कळत नाही, पाहून कळतं.

जाताना मी ते अ‍ॅप तुझ्या फोनमध्ये टाकून दिलं. म्हटलं, चाळून ठेव, काय वाटतं ते सांग.

पुढच्या आठवड्यात विहाराच्या सभागृहात आसपासच्या गावांतल्या आठ आशाताई जमल्या. तू सगळ्यांना चहा दिलास आणि मागे दाराशी बसलीस. मी एकेकीला पुढे बोलावून काम दिलं. सहा महिन्यांची गरोदर बाई आहे, डोकं दुखतं, पायावर सूज आहे, तिची नोंद करा. शेजारी कॅमेरा लावला होता. आठही जणींनी एकदाही न अडता नोंद केली. एकीचं बोट तर पडदा पूर्ण उमटायच्या आधीच बटणाच्या जागी जाऊन थांबत होतं.

पुण्यात मी ते मीटिंगमध्ये दाखवलं. आठ जणी आणि एकही चूक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात नोकरी पक्की झाली. मी पेढे घेऊन आलो तेव्हा तू एक पेढा घेतलास आणि म्हणालीस, “झालं ना तुहं? बस मंग.” त्यात जास्त काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

अ‍ॅप आधी मेहकरकडच्या काही गावांत सुरू झालं. तिथे नीट चाललं की इतर जिल्ह्यांत जाणार होतं. नोंदी येऊ लागल्या. एकही रकाना रिकामा नाही, सगळं वेळेवर. मॅडम खूश होत्या. मी मात्र एक दिवस धोक्याच्या खुणांचा तेवढाच तक्ता काढून पाहिला. सगळीकडे ‘नाही’. इतक्या गावांत, इतक्या महिन्यांत, एकाही बाईचं डोकं दुखलं नव्हतं. एकीलाही सूज नव्हती.

मी रजा टाकून निघालो. हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावात रेखाताई म्हणून आशाताई आहेत, त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आधी अ‍ॅप फार चांगलं आहे असं सांगितलं. मग मी त्यांची जुनी वही मागितली. वहीत एका बाईच्या नावापुढे सूज लिहिली होती, खाली दोन रेघा मारल्या होत्या. फोनमध्ये त्याच बाईच्या नावापुढे ‘नाही’. हे कसं, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. ‘हो’ दाबलं की आणखी चार पडदे उघडत होते, त्यांतून मागे येता येत नव्हतं आणि नेटवर्क गेलं की सगळी नोंद पुसली जात होती. शिवाय आधीच्या प्रत्येक पडद्यावर जिथे ‘पुढे’ होतं, नेमकं तिथेच या पडद्यावर ‘नाही’ होतं. बोट आपोआप तिथे पडायचं. त्या बाईला रेखाताईंनी वहीवरून मेहकरला नेलं होतं, म्हणून ती आणि तिचं बाळ दोघं ठीक आहेत. उद्या वह्या बंद होणार होत्या. मग अशा बाईचं कोणाला कळलंच नसतं.

पण मग आपल्याकडच्या आठ जणी कशा अडल्या नाहीत? मी तिथून गावी आलो. त्या आठ जणींतली निर्मलाताई फाट्यावर भेटली. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. तुम्ही यायच्या आधी विमलबाईंनी आम्हाला दोन दिवस बसवलं होतं, म्हणाली. वहीच्या पानांवर एकेक पडदा काढला होता, कुठे दाबायचं तिथे कुंकवाचा ठिपका दिला होता. पाठ करून घेतलं. “शाळेत तपासणीले साहेब येते तवा मास्तर पोराईले तयार करते ना, तसं. आपल्या गावचं पोरगं पुण्याच्या लोकाइत पडलं नाही पाहिजे म्हणे.”

तू अंगणात तूर निवडत होतीस. मी उभ्यानंच विचारलं. तू नाकारलं नाहीस.

“हो, शिकवलं. तू नापास झाला असता त?”

“मावशी, नापास अ‍ॅप झालं असतं. मी नाही.”

“ते वेगळं करता येते का बे? तुह्या पुण्यात येत असन.”

मी म्हणालो, घरोघरी जाऊन तू झाकण उचलून पाहतेस आणि माझ्याच पुढे झाकलेलं पातेलं ठेवलंस. तू म्हणालीस, ते परक्यांचं असतं, आपल्या लेकराचं झाकावं लागतं. त्यावर मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. म्हणालो, “तुह्या या झाकण्यापायी एखादी बाई मेली असती.”

तू सूप खाली ठेवलंस आणि आत गेलीस. मी थोडा वेळ उभा राहिलो. तू बाहेर आली नाहीस. मी फाट्यावर येऊन बस धरली. त्यानंतर आपण एकमेकांना पाहिलं नाही.

तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये आहे असं कळवलं. एकदा खरंच होतो.

आता जे सांगतो ते तुला तोंडानं सांगायला हवं होतं. पुण्याला आल्यावर मी लगेच मॅडमना खरं सांगितलं नाही. हा पडदा पुन्हा तपासू या, एवढंच म्हणत राहिलो. कारण दिलं तर माझी पहिली तपासणीच खोटी ठरत होती. पक्की झालेली नोकरी माझ्या जिभेवर बसली होती. दुसरीकडे अ‍ॅप पुढच्या जिल्ह्यांत जायची तारीख जवळ येत होती. दोन आठवडे मी असे काढले की डब्यातलं खाल्लेलं आठवत नाही. शेवटी एक दिवस त्यांच्या टेबलापाशी जाऊन सगळं बोललो, तुझ्या वहीच्या पानांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. आठही जणींचे व्हिडिओ तू स्वतः पाहिले होतेस ना?

पाहिले होते. जागेवर येऊन परत लावले. पडदा उमटायच्या आधी ते बोट जाऊन थांबतं आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं. त्या दिवशीही ते मला दिसलं होतं. माझ्या वहीत त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘वेग चांगला’. माझं सगळं शिक्षण या एकाच गोष्टीसाठी झालं होतं, की माणूस वापरताना जे करतो ते पाहायचं. आणि मी ते पाहून खूश झालो होतो. तू त्या बायांना दोन दिवस बसवलंस ते माझ्या एका वाक्यामुळे. परीक्षा मीच लावली होती, पेपरही मीच तपासला होता आणि ओरडलो तुझ्यावर.

अ‍ॅप थांबवलं गेलं. माझी नोकरी राहिली, पण ते काम काही दिवस दुसऱ्याकडे गेलं आणि मी त्याच्या हाताखाली बसलो. तो रास्त न्याय होता. आम्ही सगळे पडदे मोडून पुन्हा केले. सुजेचा प्रश्न आता असा आहे: हातातल्या बांगड्या सहज फिरतात का? खाली एका हाताचं चित्र आहे. तपासणी सभागृहात होत नाही, आशाताई ज्या घरी जातात त्या घरी होते. दोघीदोघींना एकच फोन देतो म्हणजे त्या आपसात बोलतात, आणि हे मोडून दाखवा असं सांगतो. पहिल्याच दिवशी त्यांनी नऊ ठिकाणी मोडलं. एक बाई मला म्हणाली, हे ज्यानं केलं त्यानं कधी उन्हात फोन धरला नाही वाटते. मॅडमच्या देखत मी इतक्या जोरात हसलो की त्या बघत राहिल्या. ते तुला सांगायला फोन हातात घेतला होता. लावला नाही.

मग सुनीतावहिनीचा, तुझ्या सुनेचा फोन आला. तुला दम लागतो म्हणून बुलढाण्याला नेलं होतं, आता घरी आणलं आहे. मी त्याच दिवशी निघायला हवं होतं. मी पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बोलीत लिहिलं, आणि पोस्टात टाकलं.

पत्र तुला मिळालं. वहिनी सांगते, तू चष्मा लावून ते वाचलंस, घडी करून उशाखाली ठेवलंस, संध्याकाळी पुन्हा काढून वाचलंस. वहिनीनं विचारलं, फोन लावून देऊ का मिलिंदला? तू म्हणालीस, “फोनवर नको. आला म्हंजे सांगीन त्याले.” चार दिवसांनी तू गेलीस.

काय सांगणार होतीस? मी रोज एक उत्तर बनवतो. कधी त्यात तू रागावतेस, कधी चहा ठेवतेस. आमच्या कामात पहिला नियम असा की माणसाच्या वतीनं आपण उत्तर ठरवायचं नाही, त्यालाच विचारायचं. त्यामुळे माझ्या कुठल्याच उत्तरावर मला विश्वास ठेवता येत नाही. पुण्यात संध्याकाळी खोलीवर येतो, फोन हातात घेतो. आज कोण कुठं अडलं, हे विचारणारं आता कोणी नाही.

वहिनीनं ते पत्र मला परत दिलं. जसं आहे तसं खाली उतरवतो.

प्रिय मावशीले,

सप्रेम जयभीम.

तू घरी आली असं वहिनीनं सांगतलं. फोन नाही करत. फोनवर मी पुसीन कशी हाय, तू म्हणशीन बरी हाय, अन् मंग दोघायले बी पुढं बोलता येणार नाही.

त्या दिवशी अंगणात मी बोललो ते खरं नव्हतं. एखादी बाई गेली असती त माह्यानं गेली असती. पडद्याच्या आधी बोट पडून राह्यलं होतं, ते म्या डोयानं पाह्यलं होतं. पाह्यलं अन् मले आवडलं. पहिलीपासून मी पास होण्यासाठीच बसत आलो, दुसरं काही मले येतच नव्हतं. तू त माह्यासाठी केलं. मी बी माह्याचसाठी केलं. तू निदान लपवलं नाही, पुसल्यावर हो म्हणली. मले हो म्हणाले दोन हप्ते लागले.

मॅडमले सगळं सांगतलं. तुहं नाव बी सांगतलं. लपवलं असतं त असं झालं असतं का तू काही वाईट केलं. त्या म्हणतात, या बाईले भेटायचं हाय.

अ‍ॅप आता बदललं. पण तू पाह्यलं नाही तोवर मले ते झाल्यासारखं वाटत नाही. मी घेऊन येतो. या बारीनं पहिली तूच बस. बायाइले काही शिकवून ठेवू नको, अन् माह्या नोकरीचं मनात आणू नको. जिथं अडशीन तिथं अड. पाहिजे तेवढा वेळ अड. मी बाजूले बसीन. बोट दाखवणार नाही, घाई करणार नाही, रागावणार त नाहीच. तू शिव्या देजो, मी लिहून घेईन.

बाजाराच्या दिवशी तू घरी नसते, म्हून तो दिवस सोड. बाकी कोणता बी दिवस सांग, मी येतो.

तुहा,
मिलिंद